सत्तेचाळीस मिनिटांचा कावळा

फेब्रुवारीतली सकाळ. दौंडला भीमेच्या घाटावर तीनशे माणसं एका निळ्या पडद्यासमोर हात जोडून उभी होती. पडद्यावर काहीही नव्हतं. नुसता निळा रंग आणि खालच्या कोपऱ्यात ‘स्मृतिगंध डिजिटल’ ही अक्षरं. तरी कुणी जागचं हलत नव्हतं, कारण त्या पडद्यावर म्हस्कू येणार होता आणि म्हस्कूला जाऊन त्या दिवशी दहा दिवस झाले होते.

म्हस्कूचे फोटो पेनड्राइव्हमध्ये होते. पेनड्राइव्ह संगणकाला लावलेला होता. संगणक मात्र त्याला ओळख दाखवत नव्हता. दुकानात असं झालं की आपण पेनड्राइव्ह काढतो, फुंकर मारतो, दुसऱ्या ठिकाणी घालून बघतो आणि दुकानदाराला चार शब्द सुनावतो. घाटावर पडदेवाल्या इंद्रजीतनं डोळे मिटले आणि माइकवरून जाहीर केलं, की म्हस्कूआबांचा जीव कशात तरी अडकलाय.

मग शब्द देणं सुरू झालं. थोरल्या पुतण्यानं बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. धाकट्यानं दारू सोडली; ती त्यानं याआधी दोनदा घाटावरच सोडली होती. पडदा निळाच. तेव्हा इंद्रजीतनं हळूच मान वळवली आणि घाटाच्या टोकाला, बाभळीखाली एकट्याच उभ्या असलेल्या एका बाईकडे बघितलं. ती माया, म्हस्कूची एकुलती एक लेक. चार वर्षांपूर्वी तिनं आपल्या मर्जीनं, दुसऱ्या जातीत लग्न केलं होतं आणि तेव्हापासून तिला माहेर बंद होतं. बापाच्या दहाव्याला ती न बोलावता आली होती आणि कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून लांबच थांबली होती.

पुढचं इंद्रजीतला बोलावंही लागलं नाही. मायाची आई, वच्छलाबाई, उठली. काठावरचं वाळलेलं ढेकूळ तिनं उचललं आणि पोटच्या पोरीवर फेकलं. “जा गं तू. तुझ्यापायी अडकलाय त्यो.” ढेकूळ मायाच्या खांद्याला लागून फुटलं.  माया पदर सावरून चालायला लागली, आणि ती वळणाआड होताच पडदा लख्ख उजळला. बारा फुटी म्हस्कू, डोक्याला फेटा, गालात विडा. बायांनी हंबरडा फोडला, पुरुषांनी टोप्या काढल्या, आणि माइकवर खालच्या पट्टीत आवाज लावून मी म्हणालो, “आबांनी शब्द स्वीकारला.” हे वाक्य माझं आहे. ते मी कुणाच्या दबावाखाली बोललो नव्हतो.

मी त्या कार्यक्रमाचा निवेदक. सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झालो आणि दशक्रियांच्या माइकवर आलो. आमच्याकडे, शिरूर-दौंडच्या पट्ट्यात, दहावा आता साधा राहिलेला नाही. मंडप, प्रवचन, पडदा, पुढाऱ्यांची रांग, प्रत्येकाची श्रद्धांजली. हे सगळं उन्हं तापायच्या आत आवरायला एक बोलका माणूस लागतो. मृताचे चार गुण घरच्यांकडून लिहून घ्यायचे, चार भरत नसतील तर उरलेले आपण घालायचे, असं ते काम. लोक मला सर म्हणतात, गाडी पाठवतात, नारळ-टॉवेल देतात, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडतं.

पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याची काही इच्छा उरली नाही असं आपल्यात मानतात, आणि नाही शिवला तर घरच्यांनी मोठ्यानं शब्द द्यायचे, हे कुणाला सांगायला नको. पण आता घाटावर कावळे आहेत कुठं? काठची झाडं गेली, घाटावर काँक्रीट आलं. माणसं बारा-बारा वाजेपर्यंत आभाळाकडे बघत बसायची, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवायची आणि मनात खुटखुट घेऊन घरी जायची. ती खुटखुट इंद्रजीतनं हेरली.

इंद्रजीत मूळचा दौंडचा. पूर्वी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात संगणकावर बसायचा. नोकरी सुटल्यावर त्यानं एलईडी पडदा घेतला, भंगारातून एक संगणक उचलला आणि त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकलं. दहाव्याला मृताचे फोटो दाखवायचे, एवढाच धंदा. एकदा भर कार्यक्रमात खरोखरच बिघाड झाला. पेनड्राइव्ह लावला की आपोआप उघडायचा, तो उघडेना. इंद्रजीत घाम पुसत पाऊण तास कीबोर्ड बडवत होता. इकडे मृताचा मुलगा वैतागून म्हणाला, “आप्पा, चुलत्याला बोअरचं पाणी देतो, आता तरी या.” नेमका त्याच क्षणी इंद्रजीतचा कुठला तरी हुकूम लागू पडला आणि आप्पा पडद्यावर आले. अख्खा घाट त्या पडद्यापुढे आडवा झाला. इंद्रजीतही लोटांगण घालणाऱ्यांत होता, पण त्याचं डोकं तेव्हाच कामाला लागलं असणार.

दोन महिन्यांत त्याचं नाव भीमेपासून घोडनदीपर्यंत झालं. लोक त्याला डिजिटल कावळा म्हणायला लागले. “शिवला का?” असं फोनवर विचारायचे, ते पेनड्राइव्हबद्दल. इंद्रजीतनं टीशर्ट सोडून पांढरा झब्बा धरला. “ह्ये साधं यंत्र न्हाई,” तो माइकवर सांगायचा. “सगळ्या जगाची यंत्रं विंडोजवर चालत्यात. ह्ये लिनक्स हाय. लिनक्स म्हंजी लीन व्हायचं. जो लीन झाला त्याचंच माणूस पडद्यावर येनार.” हे ऐकून एम.कॉम. झालेली पोरं माना डोलवायची. एका डॉक्टरनं पायांतल्या चपला काढून टेबलाला नमस्कार केलेला मी बघितलाय. सुरुवातीला पडदा कुणाच्याही शब्दावर उजळायचा. मग बऱ्याचदा तो नेमका त्याच शब्दावर उजळायला लागला, जो घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला हवा असायचा.

आणखी एक गोष्ट मी बघितली होती. यंत्राची पूजा म्हणून इंद्रजीत रोज कीबोर्डच्या वरच्या रांगेतल्या एकेका कळेला हळदकुंकू लावायचा. कार्यक्रम संपताना सगळ्या कळांवरचं कुंकू जागच्या जागी असायचं. फक्त एफ नाइनवरचं पुसलेलं असायचं. रोज, न चुकता. सदतीस वर्षं मुलांना ‘यावरून काय अनुमान निघते’ असं विचारलेल्या माणसाला त्यावरून काय अनुमान निघतं हे कळत नव्हतं, असं नाही. पण निवेदकाला पुढच्या रविवारीही बोलावणं हवं असतं. मी गप्प बसलो.

मे महिन्यात गोकुळ गेला. शिरूरजवळ घोडनदीच्या काठचं गाव, वय छत्तीस, कारखान्यात नऊ वर्षं मशीनवर. रात्रपाळी करून येताना कंटेनरनं उडवला. मागं बायको सुलक्षणा आणि सात वर्षांची एक मुलगी. गोकुळचा थोरला भाऊ पोपटराव सोसायटीचा चेअरमन. दोघा भावांची जमीन हायवेला लागून. गोकुळच्या वाट्याची सव्वा एकर अगदी रस्त्याकडची, आणि ती आता सुलक्षणा आणि तिच्या मुलीकडे जाणार हे पोपटरावला स्मशानातच आठवलं असावं, कारण तिसऱ्याच दिवशी इंद्रजीत त्याच्या ओट्यावर चहा पिताना दिसला.

दहाव्याला घाटावर चारशे माणसं होती. प्रवचन झालं. सरपंच बोलून गेले. पिंडाजवळ कावळा नव्हताच. दहा बेचाळीसला इंद्रजीतनं पेनड्राइव्ह लावला. वेळ मी लिहून ठेवतो, सवय आहे. पडदा निळा राहिला आणि गर्दीतून एक सुस्कारा आला. खरं सांगायचं तर त्यात थोडं समाधानही होतं, कारण लगेच उघडला असता तर चमत्कार बघायला मिळाला नसता.

पोपटराव पुढे आला. गोकुळच्या नावानं दरवर्षी शाळेत वह्या वाटायचा शब्द त्यानं पाठ केल्यासारखा दिला. पडदा निळा. चुलत्यांनी शब्द दिले, मामांनी दिले. निळा. इंद्रजीतनं डोळे मिटून सांगितलं, की शब्द अजून एका माणसाचा बाकी आहे आणि ते माणूस बाईमाणूस आहे. चारशे डोकी एकदम सुलक्षणाकडे वळली.

ती उठून आली. मी माइक तिच्या तोंडाशी धरला. तिनं पडद्याकडे बघत, घरात बोलावं तसं हळू म्हटलं, “पोरीला शिकवते. तुम्ही म्हणला व्हता तेवढं शिकवते.”

इंद्रजीतचा हात हलला नाही. पडदा निळाच राहिला. आपल्या मुलीनं शिकावं ही बापाची इच्छा नव्हती, असं चारशे लोकांसमोर ठरलं. मागून एक बाई म्हणाली, की ह्यात पण हिचं मन नाही, वरवरचं बोलतीय. दुसरी म्हणाली, जितंपणी तरी कुठं नवऱ्याला सुख दिलं. हे सगळं तिला ऐकू जाईल अशाच बेतानं बोललं जात होतं. ऊन डोक्यावर येत होतं. तिला कुणी बस म्हटलं नाही. मीही नाही.

अर्ध्या तासानंतर तिची सासू साखरबाई पुढे आली आणि सुनेच्या पायांवर पडली. खरोखर पडली, त्या म्हातारीच्या रडण्यात नाटक नव्हतं. तिला मनापासून वाटत होतं, की आपला मुलगा त्या निळ्या पडद्यामागे गुदमरतोय. मग पोपटराव बोलला. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी तोंडावर बोलत नाही, म्हणून तो आईशी बोलला.

“आई, तिला इचार. गोकुळचा जीव जमिनीत व्हता. वाडवडलांची जमीन घराबाहेर जाऊ नये, एवढंच त्याचं म्हननं असंल.”

“सोडते म्हन गं,” साखरबाई पायांशी बसून म्हणाली. “माझं लेकरू उन्हात लटकलंय.”

सुलक्षणानं पडद्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, माझ्या हातातल्या माइककडे बघितलं. तिचे ओठ कोरडे पडले होते. “सोडते,” ती म्हणाली.

पडदा उजळला. कंपनीच्या निळ्या शर्टातला गोकुळ, हातात सुरक्षा सप्ताहाचं बक्षीस, तोंडभर हसू. लोकांनी जयजयकार केला. अकरा वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. मंडपाच्या कडेला एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. तिच्यातून वकील उतरले, हक्कसोडपत्र त्यांच्या हातात तयारच होतं. शिरूरच्या नोंदणी कार्यालयातली दुपारी अडीचची वेळ त्यांनी चार दिवसांपूर्वीच घेऊन ठेवली होती. मेलेल्या माणसाला कोणता शब्द हवाय हे वकिलांना चार दिवस आधी माहीत होतं, आणि हे कुणालाही चमत्कारिक वाटलं नाही.

सुलक्षणाच्या हातात पेन दिलं गेलं तेव्हा मंडपाच्या मागून एक बाई पुढे आली. ती महेजबीन. गोकुळच्या कारखान्यात सगळे संगणक तिच्या देखरेखीखाली असतात, राहायला कारेगावला. तिच्याबरोबर पाळी संपवून थेट आलेले वीस-पंचवीस कामगार होते. तिनं सरळ टेबलापाशी येऊन इंद्रजीतला विचारलं, की आत्ता तुम्ही काय दाबलंत.

इंद्रजीत म्हणाला, की काही नाही, आणि बाईंनी लांब राहावं, यंत्राला विटाळ होतो. पोपटरावनं अगदी मऊ आवाज काढला. “मॅडम, तुमच्यात दहावा नसतो. आमच्या दुखात पडू नका.”

“गोकुळभाऊ नऊ वर्षं माझ्याबरोबर कामाला होते,” महेजबीन म्हणाली. “हे फोटो आम्ही जमवलेत. हा पेनड्राइव्ह मी भरलाय आणि सकाळी आमच्या लिनक्सवर दोनदा उघडून बघितलाय. दोन्ही वेळा लगेच उघडला. इथं लावल्यापासून त्याची लाइट लुकलुकतीय, म्हणजे यंत्र त्याच्याशी बोलतंय. मग सत्तेचाळीस मिनिटं कोण गप्प होतं, तेवढं मला बघायचंय.”

गडबड उडाली. बाईनं, त्यात मुसलमान बाईनं, दहाव्याच्या यंत्राला हात लावायचा का, यावर तिथल्या तिथं मतं पडायला लागली. सुलक्षणाला उन्हात उभं करताना एवढी मतं पडली नव्हती. कामगारांतला एक बिहारी पोऱ्या शांतपणे टेबलामागे गेला आणि म्हणाला, “भैया, साइड हो जाओ. मैडम को देखने दो.” त्याच्या मागून बाकीचे सरकले. उठता उठता इंद्रजीतचं बोट सवयीनं एफ नाइनवर पडलं आणि पडदा पुन्हा निळा झाला. त्यानं माझ्याकडे बघितलं.

“सर, सांगा की ह्यांना. तुम्ही तर सगळे चमत्कार बघितल्यात.”

खरंच, सगळे मी बघितले होते. चारशे माणसं माझ्या बोलण्याची वाट बघत होती. मी माइक महेजबीनच्या हातात दिला.

तिनं गोकुळचा पेनड्राइव्ह काढला आणि मागं वळून नौशाद नावाच्या ड्रायव्हरकडे त्याचा मागितला. त्यानं खिशातून काढून दिला. तिनं तो लावला. पडदा निळाच.

“ह्यात कोण आहे?” तिनं माइकवर विचारलं.

“कोनी न्हाई मॅडम,” नौशाद म्हणाला. “गाडीत लावायची गानी हायत.”

“मग गाण्यांची कुठली इच्छा राहिलीय?”

कुणीतरी हसलं. त्या घाटावर इंद्रजीतच्या यंत्रासमोर हसलेला तो पहिला माणूस. महेजबीननं इंद्रजीतचं बोट पडलेलं तेच एफ नाइन दाबलं आणि पडद्यावर गाण्यांची यादी आली. पुन्हा दाबलं, यादी गेली. पुन्हा दाबलं, आली. कुणी दारू सोडली नाही, कुणी पाणी दिलं नाही, कुणी लेकीला हाकललं नाही.

मग तिनं एक काळी चौकट उघडली आणि सावकाश, वर्गात सांगावं तसं सांगितलं. लिनक्सला काहीही नवं जोडलं की ते काय आहे आणि त्याचं काय करायचं हे ठरवायला आत नियमांच्या फायली असतात. नियम नीट असतील तर पेनड्राइव्ह आपोआप ओळखला जातो आणि उघडतो. बिघडले तर यंत्राला तो दिसतो, पण पडद्यावर येत नाही. कारखान्यात बाहेरचे पेनड्राइव्ह चालू नयेत म्हणून असा नियम मुद्दाम घालतात. इंद्रजीत ते आपल्या जुन्या नोकरीतच शिकला होता. पहिल्या वेळचा बिघाड खरा होता, तो मी बघितला होता. नंतर त्यानं तो दुरुस्त केला आणि स्वतःच्या हातानं, हवा तेव्हा करता येईल असा, पुन्हा बनवला. तिनं ती फाइल पडद्यावर उघडली. आत एकच ओळ. यूएसबीच्या खाचेतून कुठलीही साठवण आली तर ती दाखवू नको, एवढाच तिचा अर्थ. एफ नाइन दाबलं की ही फाइल बाजूला सरकायची, पुन्हा दाबलं की जागेवर यायची. फाइलला इंद्रजीतनं नाव दिलं होतं कावळा.

“ह्ये कायबी टाइप करून दाखवतीय,” इंद्रजीत म्हणाला. त्याचा आवाज झब्ब्यातून निघून पुन्हा टीशर्टमधला झाला होता.

“मी टाइप केलेलं सोडा,” ती म्हणाली. “यंत्रानं स्वतः लिहिलेलं वाचू.”

लिनक्स आपली रोजनिशी ठेवतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. काय जोडलं, कधी जोडलं, कुणी काय हुकूम दिला, सगळं सेकंदासकट. कावळा बाजूला सारायला मालकाचा हुकूम लागायचा, म्हणून तोही नावानिशी लिहिला जायचा. महेजबीननं त्या दिवशीची पानं पडद्यावर आणली आणि मराठीत वाचली. दहा बेचाळीस सात सेकंद, नवं साधन जोडलं. दहा बेचाळीस नऊ सेकंद, पेनड्राइव्ह ओळखला, सोळा जीबी. मग काहीच नाही. अकरा एकोणतीस, इंद्रजीतचा हुकूम.

“ओळखायला दोन सेकंद लागले,” ती म्हणाली. “बाकी सगळा वेळ ह्यांना उन्हात उभं करायला.”

 मला वाटलं, संपलं. डोळ्यांसमोर फसवणूक उघडी पडली की माणसं शहाणी होतात, असं मी मुलांना शिकवत आलो होतो. तेवढ्यात साखरबाई उठली. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “यंत्र खोटं आसंल बाई. शब्द तर खरा हाय. चारशे मानसांत दिलाय तिनं.”

आणि माना हलल्या. एक नाही, दोन नाही, रांगाच्या रांगा हलल्या. बरोबर आहे, शब्द तो शब्द. पोपटरावच्या तोंडावर रंग परत आला. खुंटी भिंतीतून उपटून दाखवली तरी तिला अडकवलेली पिशवी हवेत तशीच राहावी, असला तो प्रकार होता. वकिलांनी कागद पुन्हा पुढे केला.

सुलक्षणानं तो घेतला. फाडला नाही. घडी घातली आणि चालत पोपटरावसमोर गेली. दहा वर्षांच्या संसारात त्या दिराशी ती तोंडावर कधी बोलली नव्हती.

“भाऊजी, ह्यांना यायला दोन सेकंद लागले. पोरीला शिकवते म्हनले तवा त्ये आलेलेच व्हते. त्यांनी ऐकलं आसंल तर त्ये. बाकी तुम्ही उभं करून बोलवून घेतलं, त्ये माझं न्हाई.” तिनं कागद त्याच्या खिशात घातला. “ह्यो तुमचा हाय. ठेवा.”

मेलेल्यानं ऐकलं असेल यावर माझा विश्वास नाही. पण त्या क्षणी ते सांगायचं धाडस मला झालं नाही आणि गरजही वाटली नाही. गर्दी विस्कटायला लागली. इंद्रजीत वायरी गोळा करत होता. तेव्हा बायांतून एक म्हातारी वाट काढत टेबलाशी आली. वच्छलाबाई. साखरबाईची ती सख्खी बहीण. भाच्याच्या दहाव्याला केडगावहून आली होती. तिनं महेजबीनचा हात धरला.

“माझं बी लिवलंय का यात? म्हस्कू. फेब्रुवारीत.”

महेजबीनला म्हस्कू कोण, फेब्रुवारीत काय झालं, काहीच माहीत नव्हतं. तिनं तारीख विचारली. ती मी सांगितली. मला ती पाठ होती. तिनं पानं मागे नेली. “सापडलं. दहा वाजून बारा मिनिटं, पेनड्राइव्ह जोडला. दोन सेकंदांत ओळखला. अकरा वाजून एक मिनिट, इंद्रजीतचा हुकूम.”

वच्छलाबाई बोटांवर काहीतरी जुळवत होती. “म्हंजी लावल्या लावल्याच आलेला.”

“हो मावशी. लगेच.”

“तवा माझी लेक बाभळीखाली उभी व्हती.” ती माझ्याकडे वळली. “सर, व्हती ना? तुम्ही व्हता तितं.”

“होती,” मी म्हणालो.

ती खाली बसली. रडली नाही. आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बघत राहिली. मी आयुष्यात हजारो श्रद्धांजल्या वाचल्यात. त्या म्हातारीपुढे त्यांतला प्रत्येक शब्द माझ्याच तोंडावर मारायच्या लायकीचा होता.

इंद्रजीतवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. साक्षीदारांत पहिलं नाव माझं आहे. तो जामिनावर आहे आणि पडदा लग्नांना भाड्यानं देतो. पोपटराव अजून चेअरमन आहे. सुलक्षणाची जमीन सुलक्षणाकडे राहिली. भावकीत तिच्या घरचं पाणी कुणी पीत नाही, मुलगी शाळेत जाते. निवेदनाची बोलावणी मी बंद केली. खरं तर त्या दिवसानंतर ती यायचीच थांबली, पण बंद केली असं सांगायला बरं वाटतं.

वच्छलाबाई महिन्यातून दोन-तीनदा एसटीनं माझ्याकडे येतात. त्यांच्या नंबरवरून मायाला फोन लागत नाही, म्हणून माझ्या फोनवरून लावून द्या म्हणतात. मी लावतो. पूर्ण रिंग वाजते आणि बंद होते. माझ्या फोनमध्येही तशीच रोजनिशी आहे. त्यात मायाचं नाव एकवीस वेळा आलंय, आणि उचलल्याची नोंद एकही नाही.

म्हणून हात जोडून एवढंच सांगतो. यंत्र बिघडतं, तेव्हा त्याला कारण असतं, आणि ते कारण कुठं तरी लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर वाचता येणारं माणूस शोधा, मग ते कुठल्याही जातीधर्माचं असो. मेलेल्या माणसाला काही नको असतं. हवं असतं ते त्याच्या नावावर बोलणाऱ्याला. पुढच्या वेळी पडदा निळा राहिला, तर ढेकूळ उचलण्याआधी कीबोर्डवर हात कुणाचा आहे तेवढं बघा.